आमच्या ओट्यावर न आलेलं ग्रहण

साहेब, माझी पोटुशी पोरगी दिवसभर उपाशी कोंडली गेली, ती तुमच्या पत्रकामुळे! नाव घेत नाही. खुर्ची तुमची तुम्हाला ठाऊक आहे.

सायली बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, दर दोन तासांनी खायलाच हवं. आणि माझी बायको गीताबाई म्हणते, ग्रहणात पोटुशीनं खायचं नाही, चिरायचं नाही, कूससुद्धा बदलायची नाही! भिंतीवर बावीस प्रतिज्ञा. धम्म घेऊन सत्तर वर्षं झाली, ग्रहण काही घरातून हललं नाही.

तेवढ्यात ग्रामपंचायतीत तुमच्या कचेरीचं पत्रक आलं: 'मंगळवारी दुपारी साडेतीनपासून सूर्यग्रहण. सर्वत्र दिसेल. गावकऱ्यांना दाखवावे.' मी छाती फुगवून पैज मारली, "भर ग्रहणात सायली ओट्यावर बसून कांदा चिरेल, भाकर खाईल. काही झालं नाही, तर पुन्हा तिला कोंडायचं नाही!"

"व्हय, आधी लागू तर द्या," गीताबाई म्हणाली.

मी नगरहून ग्रहणाचे चष्मे आणले. अर्धी गल्ली ओट्यापुढं. सायली कांदे चिरतेय. एक, पाच, अठरा! सूर्य आपला परातीएवढा गरगरीत.

"महेंद्रदादा, ग्रहन टेम्पोनं येतंय का?" पुंजाराम ओरडला.

"माझी मान धरली की रं!" छबूबाई.

"पप्पा, अजून किती चिरू?" सायलीच्या डोळ्यांना धारा.

सूर्य सबंधच्या सबंध उसाआड मावळला!

मग पुस्तक उघडलं. सूर्यग्रहण अमावास्येला. वर्षाला दोन तरी होतातच, पण चंद्राची सावली पडते तेवढ्याच मुलखाला दिसतं. हे पडलं दक्षिण ध्रुवाकडं, पेंग्विनांच्या डोक्यावर! चंद्रग्रहण पौर्णिमेला, पृथ्वीची सावली चंद्रावर, म्हणून जिथं जिथं रात्र, तिथं सगळ्यांना दिसतं. तुम्ही गेल्या सप्टेंबरातलं चंद्रग्रहणाचं जुनं पत्रक काढून चंद्राच्या जागी सूर्य घातला, साहेब!

गीताबाईचा निकाल तयार होता. "ग्रहन लागलंच न्हाई, मग पैज कसली? पोरीनं साधा कांदा चिरला!"

मी चष्मे गोळा करायला लागलो.

पंधरवड्यानं पौर्णिमेला चंद्रग्रहण. सकाळीच वेध लागले, सायलीच्या खोलीला बाहेरून कडी लागली.

"आई, पाणी तरी दे गं!"

मी गीताबाईवर ओरडलो, "कडी काढ!" बाहेरून गल्ली हसली, "दादा, मागचं ग्रहन कुटं सांडलं?" मी कडी काढू शकलो असतो. लाजेनं काढली नाही.

संध्याकाळी चंद्र जरासा मळकट उगवला आणि चार मिनिटांत धुतल्यासारखा झाला. कडी काढली, तर सायली दाराशीच बेशुद्ध. गाडी करून नगरला नेलं, सलाईन लावलं. ती वाचली, बाळही वाचलं.

गीताबाई आता गावभर सांगतेय, "कोंडली हुती, म्हनून वाचली!"

साहेब, तुमच्या कागदानं माझा शब्द घरात कवडीमोल झाला. सही करण्याआधी ते पत्रक तुमच्याकडे कुणी वाचलं होतं? लेखी उत्तर द्या!