वादळांच्या वाटेनं आलेल्या महालक्ष्म्या

वैष्णवीनं सकाळीच दारव्ह्याच्या घरातल्या बैठकीच्या फरशीवर खडूनं बंगालचा उपसागर काढला. दाराकडे समुद्र, आत किनारा. त्यावर जुन्या चक्रीवादळांच्या वाटा. सरळ पश्चिमेला गेलेली वादळं पिवळी, अर्ध्यातून वळून मागे फिरलेली लाल. संगणकात शंभर वर्षांच्या नोंदी होत्या, पण पडद्यावर सगळ्या रेषांचा नुसता गुंता व्हायचा. तिनं केलेली वादळांची वर्गवारी संशोधनातल्या तिच्या मार्गदर्शक सरांनी दोनदा परत पाठवली होती. आज दुपारच्या आत नवी गेली नाही, तर परिषदेतून तिचं नाव गळणार होतं.

आणि आजच महालक्ष्म्या यायच्या होत्या. तरी इंदूबाईंनी सुनेला स्वयंपाकातून मोकळं केलं होतं. "तू तुये वादळं पाह्य, भाजीभाकर मी पाह्यतो." याच घरात एके काळी सणाच्या दिवशी सुनेला पाणी प्यायला सवड नसे. इंदूबाईंना ते चांगलं आठवत होतं, कारण ती सून त्याच होत्या.

आंघोळ करून सरांना पाठवायला फोटो काढू, असं म्हणून वैष्णवी मोबाईल चार्जिंगला लावून गेली. इंदूबाई बैठकीत आल्या आणि थबकल्या. देवी ज्या वाटेनं घरात येते, तिच्यावर कुंकवाची पावलं काढतात. पोरीनं एवढ्या कामात एवढ्या वाटा आखल्या. पावलं तेवढी राहिली, वेळ पुरला नसेल. त्यांचे डोळे भरून आले. ओल्या कुंकवात मूठ बुडवून त्यांनी एकूण एक वादळावर पावलं उठवली. काही वाटा तर मधेच संपत होत्या. देवीला अधांतरी कसं ठेवायचं? तिथं त्यांनी तांदळाची रास घालून वर सुपारी ठेवली.

वैष्णवी ओल्या केसांनी बाहेर आली, तेव्हा शेजारच्या हंसाबाई सुपात ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन दारात उभ्या होत्या. इंदूबाईंच्या सुपात कनिष्ठा होती. "वैष्णवी, ताट वाजव," त्या म्हणाल्या. वैष्णवीनं फरशीकडे पाहिलं, सासूच्या लाल मुठीकडे पाहिलं आणि ताट हाती घेतलं.

हंसाबाईंनी लाल वाट धरली. चार पावलं आत, मग एक वळण, आणि देवी पुन्हा ओसरीवर.

"इंदूबाई, हे तं परत माहेरी चालली."

"थांबा तिथंच. देवी घेऊन मागं फिराचं नसते."

"मी फिरून नाही राह्यली, तुमची वाट फिरून राह्यली."

इंदूबाईंची वाट बैठकीच्या मधोमध तांदळाच्या राशीपाशी संपली. मखर अजून बरंच लांब होतं. एक देवी ओसरीवर, दुसरी समुद्रात.

"आई, त्या महालक्ष्म्याईच्या वाटा नाही हो, वादळाच्या आहेत," वैष्णवी हळूच म्हणाली.

इंदूबाईंनी कनिष्ठेचं सूप सुनेच्या हाती दिलं. मग त्या कुंकवाची वाटी घेऊन खाली बसल्या. ओसरीपासून पावलं उठवत निघाल्या त्या सगळ्या वादळांवरून, किनारा ओलांडून, थेट मखरापर्यंत. त्या वाटेनं दोघी देवी सुखरूप आत गेल्या.

पुन्हा आखायला वेळ नव्हता. वैष्णवीनं खुर्चीवर चढून होता तसाच फोटो काढला, सरांना पाठवला आणि देवीसमोर हात जोडले. आरती संपते न संपते तोच फोन वाजला.

"समुद्रातच विरलेल्या वादळांवर वेगळी खूण केलीत, हे उत्तम," सर म्हणाले. "आजवर तुम्ही ती सरळ जाणाऱ्यांत कोंबत होता, तिथंच माझं अडत होतं. तिसरा प्रकार करा. परिषदेला मी तुमचं नाव कळवतो." मग त्यांनी विचारलं, "पण ती जाड लाल वाट कोणत्या वर्षाची? जमिनीवर येऊनही जराही दुबळी पडली नाही."

वैष्णवीनं मखराकडे पाहिलं. इंदूबाई गुडघे धरून उठत होत्या.

"ती नोंदीत नाही सर. ती आमच्या सासूबाईंची. तिसरा प्रकारही त्यांचाच."

फोन ठेवून तिनं सासूबाईंना वाकून नमस्कार केला. इंदूबाईंनी विचारलं, सर रागावले काय? सगळं सांगून वैष्णवी म्हणाली, "तुमची वाट सगळ्यात मजबूत आहे म्हणे."

"मंग?" इंदूबाई म्हणाल्या. "आता फरशी राह्यली तशीच राहू दे. पण पुढच्या वर्षी असे वादळं काढ, जे घरात येऊन बसतीन."