केळुसकरांचा एक जुलै

आमच्या स्टोअरमधले केळुसकर रोज सकाळी गुड मॉर्निंगऐवजी कॅनडाची बातमी सांगत. तीही बहुधा पन्नास-शंभर वर्षांपूर्वीची.

"नोंद घ्या, आज एक जुलै! अठराशे सदुसष्टला याच दिवशी तो देश झाला. एकोणीसशे सत्तावीसला याच दिवशी अख्ख्या देशभर एकदम रेडिओ ऐकू गेला. गेल्या वर्षी, ऐंशी साली, राष्ट्रगीत ठरलं, तेही एक जुलैलाच! काय शिस्त आहे बघा!"

बाहेर कतारमधल्या दोह्याचा पारा पंचेचाळीसवर. माणूस वेंगुर्ल्याचा, बर्फ पाहिलेला फक्त मासळीबाजारात. पण डायरीत दर तारखेला एक पान, आणि पानभर कॅनडा. आमचा इजिप्शियन साहेबसुद्धा "यल्ला, कॅनडा!", म्हणजे 'चल, कॅनडा!', म्हणूनच त्यांच्या हातात चलनं द्यायचा.

दोह्याजवळ अल वक्र्याला आम्ही एका खोलीत राहायचो. मी बांगडे तळत असलो की ते डायरी वाचून दाखवत. मी हसायचो. हे सगळं कशासाठी, ते कधी विचारलं नाही.

त्या एक जुलैला मात्र ते हळूच म्हणाले, "संध्याकाळी टेलिफोन ऑफिसला सोडाल?"

गाडीत त्यांनी डायरी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "धाकटी बहीण आहे टोरांटोला. शालू. स्वतःच्या मनानं लग्न केलंन. मी गेलो नाही. सात वर्षं बोललो नाही. आज तिकडे सुट्टी, घरी असेल."

"आणि हे कॅनडा-कॅनडा?"

"सात वर्षांनी बोलायचं काय हो? काहीतरी तयारी नको?"

फोन लागला. उकाड्यामुळे बूथचं दार उघडंच होतं.

"हॅलो... मी दादा." एवढं बोलून त्यांनी घाईघाईनं डायरी उघडली. "आज तुमच्याकडे... अठराशे सदुसष्ट साली..." देश झाला, रेडिओ झाला. राष्ट्रगीतापाशी पान संपलं. मला वाटलं, लाइन तुटली.

मग रिसीव्हरमधून मोठ्यानं, अगदी मला ऐकू येईल असं, कुणीतरी विचारलं, "दादा, जेवलंस?"

दुपारी त्यांनी डबा उघडलासुद्धा नव्हता.

"होय गो," केळुसकर म्हणाले. आणि हात लांब करून त्यांनी बूथचं दार माझ्या तोंडावर लावून घेतलं.