मावशींच्या हातची बाटली

प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे थेंबसर म्हणत, त्यांनी सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं, की आपल्या कृत्रिम रक्तातला एकही थेंब महिनाभर शेजारच्याशी लगट करणार नाही.

हे रक्त दिसायला दुधासारखं. पाण्यात एका जड तेलाचे सूक्ष्म थेंब. प्राणवायू वाहून न्यायचा तो त्यांनीच. पण हे थेंब तळाशी बसतात, दाटीवाटीत एकमेकांत मिसळून गलेलठ्ठ होतात, आणि तसा एखादा बारीक रक्तवाहिनीत अडकला की संपलंच! आज तपासणीला आलेल्या समितीची खात्री पटली तर प्रयोगशाळा चालू राहणार होती, नाहीतर टाळं लागणार होतं.

"तीस दिवस बाटलीला कुणी बोटही लावलेलं नाही," सर छाती फुगवून म्हणाले. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब खरोखरच पहिल्या दिवसाइतके लहान होते. समितीच्या प्रमुख बाईंनी मान डोलावली.

तेवढ्यात सफाईच्या मावशी फडकं घेऊन आल्या. टेबल पुसता पुसता त्यांनी बाटली उचलली, सावकाश तीनदा उलटीसुलटी केली आणि जागेवर ठेवली.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. हे काय करताय, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

"रोजचंच की, सर. फ्रिज पुसताना करते. खाली साका धरतो, बघवत नाही."

प्रमुख बाईंनी त्याच दिवशी भरलेली दुसरी बाटली मागवली. ती फ्रिजच्या वरच्या कप्प्यात होती, मावशींचा हात पोचत नाही तिथे. तिच्यात वर नितळ पाणी, तळाशी पांढरा थर, आणि भिंगाखाली थेंब नुसते गलेलठ्ठ झालेले! सरांनी मान खाली घातली.

बाई मात्र हसल्या. आजवर सगळ्या प्रयोगशाळांनी बाटल्या यंत्रावर गदागदा हलवून पाहिल्या होत्या. त्यानं थेंब उलट जास्तच एकत्र यायचे. इतकं हळू फिरवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. प्रयोगशाळेला एक वर्ष मिळालं, पण मावशींची पद्धत रोज, न चुकता पाळायच्या अटीवर.

सरांना भरून आलं. त्यांनी सगळ्यांसमोर मावशींना हात जोडले. "मावशी, तुमच्यामुळे वाचलो. हे उपकार मी विसरणार नाही."

मावशी अवघडल्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि हळूच आठवण करून दिली, की उद्यापासून त्या पंधरा दिवस लेकीकडे चालल्यात. रजेच्या अर्जावर सही सरांचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सर फ्रिजपुढे हजर होते, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात फोन.

"हळू, सर," फोनमधून मावशी म्हणाल्या. "तान्ह्या बाळाला कुशीवर वळवतात तसं. आणि हात लागलेच आहेत तर टेबलही पुसून घ्या."