मान हलवणारे तायडे सर

तायडे सरांना चहा विचारला की ते मान हलवून नाही म्हणतात. चहा त्यांना हवा असतो. नवखा माणूस कप घेऊन परत वळतो, तेवढ्यात सरांचा हात पुढे येतो आणि बशीसकट कप काढून घेतो. आमच्या मेडशी गावात आता हे सगळ्यांना ठाऊक झालंय. पंचाईत होते ती बाहेरगावच्या सोयऱ्यांची. सरांच्या मुलीला पाहायला आलेल्या मंडळींनी बैठकीत विचारलं, "मग, मुलगा पसंत आहे ना?" सरांनी ठामपणे मान हलवली. मंडळी उठून चपला शोधायला लागली. शेवटी सिंधू वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बसा हो. ह्यायचं तसंच असते."

याचं कारण बेसबॉल. सर आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक. बऱ्याच वर्षांपूर्वी शाळेत या खेळाच्या सामानाचं एक पोतं येऊन पडलं. बाकीच्या मास्तरांना वाटलं, क्रिकेटचंच सामान चुकीचं पाठवलं. सरांनी मात्र चौकशी केली, मोबाइलवर सामने पाहिले आणि मुलींची टीम उभी केली. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिचर बॉल टाकतो, समोर बॅटर उभा असतो आणि बॅटरच्या मागे कॅचर उकिडवा बसतो. कोणता बॉल टाकायचा हे कॅचर मांड्यांच्या मध्ये बोटं धरून गुपचूप सांगतो. पिचरला पटलं नाही तर तो मान हलवतो. सरांचं म्हणणं असं, की पटलं तरी एकदा हलवायचीच.

"बॅटर पाहून राह्यला ना," ते मला समजावत. "त्याले वाटते, ह्यायचं काही वेगळंच शिजून राह्यलं. तो इचार कराले लागला का संपला."

आता आम्ही गावातले लोक काही बॅटर नव्हतो. पण सवय लागली ती लागली.

स्वतः सरांना बॉल सरळ टाकता येत नाही. माझं झेरॉक्सचं दुकान शाळेच्या कंपाउंडला लागून आहे, म्हणून मी हे खात्रीनं सांगतो. एकदा मुलींना दाखवायला म्हणून त्यांनी फेकलेला बॉल माझ्या काउंटरची काच फोडून आत आला. सर धावत आले, काचेकडे पाहिलं, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "मागचा बॉल मेला, दिलीपभाऊ. आता पुढचा पाहा." पुढचा पाहायला मला तालुक्याला, मालेगावला, काचवाल्याकडे जावं लागलं.

पिचिंग हे हाताचं काम नाही, डोस्क्याचं आहे, हे त्यांचं पालुपद. आणि डोकं काही मैदानावर ठेवून घरी येता येत नाही. बाजारात ते भाजीवालीला वांगी, मिरची, टमाटे असं भराभर विचारत सुटायचे आणि कोथिंबिरीपाशी येऊन एकदम गप्प व्हायचे. जोराच्या बॉलनंतर हळू बॉल टाकला की समोरचा गडबडतो म्हणे. भाजीवाली गडबडली नाही. तिनं विचारलं, "मास्तर, झोप लागली काय?"

माणसाचं तोंड ते पाहत नाहीत, पाय पाहतात. बॅटरच्या मनात काय आहे ते त्याच्या पायांवरून कळतं, हाही त्यांचा सिद्धांत. मुलगी पाहायला आले त्या दिवशी मीही बैठकीत होतो. पाहुणे चपला घालता घालता थांबले, तेव्हा सर माझ्या कानाशी लागले, "पोराचं वजन मागच्या पायावर हाय. पळते हा." मुलाचे बूट नवे होते आणि चावत होते. वहिनींनी ते त्याला काढायला लावले, तो दोन्ही पायांवर सरळ उभा राहिला आणि लग्न ठरलं. संसार छान चाललाय.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वाशिमच्या एका सामन्याला मीही गेलो होतो. का गेलो देव जाणे, बहुतेक टेम्पोत जागा होती म्हणून. आमची पिचर साक्षी लागोपाठ मार खाऊन रडकुंडीला आली होती. सर खेळ थांबवून तिच्यापाशी गेले. मला वाटलं, आता काहीतरी मोठी युक्ती सांगतील. नंतर साक्षीला विचारलं तर ती म्हणाली, सरांनी एवढंच विचारलं की आज डब्यात काय आणलं. तिनं सांगितलं, बेसन. सर म्हणाले, मले ठेवजो थोडं. आणि परत आले. त्यानंतर पोरीनं जे बॉल टाकले ते मी अजून विसरलो नाही.

सरांच्या हिशेबानं पिचरला समोरचा एकटा दिसतो, पण सगळं मैदान दिसतं ते कॅचरला. घरात कॅचर अर्थातच सिंधू वहिनी. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या की त्यांना पाहुणाही दिसतो आणि कणकेचा डबाही. म्हणून सरांनी खुणा ठरवल्या होत्या. वहिनींनी दारातून एक बोट दाखवलं तर पाहुण्याला गोड बोलून वाटेला लावायचं. दोन बोटं म्हणजे चहा. तीन बोटं म्हणजे जेवायचा आग्रह करायचा.

वहिनींनी कधी बोट उचललं नाही. "मले तोंड देलं हाय ना देवानं," त्या म्हणायच्या, "बोटं कायले नाचवू?" आणि पाहुण्यांदेखत दारातून खणखणीत आवाजात सांगायच्या, दूध फाटलं, चहा कोराच भेटन. सर कपाळाला हात लावायचे. कॅचर चांगली हाय, पण खुणा देत नाई, अशी त्यांची माझ्यापाशी कायमची तक्रार असायची. मला वहिनींचंच पटायचं.

गेल्या उन्हाळ्यात वहिनींना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना समजतं सगळं, शब्द तेवढे बाहेर येत नाहीत. येतील, न येतील. तुम्ही बोलत राहा.

सर बोलत राहिले. रोज खाटेशी बसून विचारायचे, आज काय खावं वाटते? तोच साक्षीला विचारलेला सूर. वहिनी भिंतीकडे तोंड करायच्या. मुलीनं अक्षरांचा तक्ता आणून दिला, तो त्यांनी डाव्या हातानं ढकलून दिला. सगळ्या गल्लीला आपल्या जागेवरून उत्तरं देणारी बाई, ती काय अक्षरांवर बोट ठेवत बसणार? हळूहळू त्यांचं खाणंही सुटत चाललं. दोन घास गेले की तोंड बंद.

सर घराबाहेर ओट्यावर येऊन बसायचे. मला सांत्वन करता येत नाही. एकदा काही सुचेना म्हणून त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, मागचा बॉल मेला, सर.

"हा नाई मरत, भाऊ," ते म्हणाले. "ती माह्याकडं पाहतच नाई. कॅचरनंच पाठ फिरवली, तर पिचरनं टाकावं कोणाकडं?"

मी दुकान उघडायचं निमित्त काढून निघून आलो.

त्यानंतर एका दुपारी वहिनींना पाहायला गेलो. सर खाटेच्या पायथ्याशी बसले होते. आता त्या घरात कोणी चहा विचारत नव्हतं आणि कोणाची तशी अपेक्षाही नव्हती. थोडा वेळ बसून मी उठलो, तेव्हा वहिनींचा डावा हात चादरीवर हलला. सरांनी पाण्याचा पेला पुढे केला. वहिनींनी तो झटकला. हात पुन्हा मांडीपाशी नेला आणि बोटं खाली करून धरली. तीन बोटं. माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. नजर अशी, की एवढंही कळत नाही का माणसाला.

मी सवयीनं सरांच्या मानेकडे पाहिलं. ती हलली नाही. सरांनी नुसतं हो म्हणून मान खाली घातली आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले.

"पाठ होतं तिले," ते म्हणाले. "सारं पाठ होतं, दिलीपभाऊ. बसा. जेवूनच जा लागते."

मग डोळे पुसत उठले आणि कणीक भिजवायला आत गेले. आतून डब्यांची आदळआपट ऐकू येत होती. मधूनच ते पिठाचे हात घेऊन दारात येत, वहिनींच्या जागेवर उभे राहत, त्यांच्याकडे पाहत आणि परत आत जात.

पोळ्या कच्च्या निघाल्या. अर्धी वहिनींनी खाल्ली, उरलेल्या मी.