दाजी आणि घाटातलं धुकं

आमच्या लालबागच्या चाळीतून थंडीत कुणीही गावी निघालं, की दाजी परब खिशात अर्धा बटाटा घालून गाडीपर्यंत यायचे. बटाटा ड्रायव्हरसमोरच्या काचेसाठी. फोड आतून घासली की काचेवर वाफ धरत नाही, असं त्यांचं म्हणणं. ड्रायव्हर खाली चहा पीत असायचा, तोवर हे केबिनमध्ये चढून काच घासून मोकळे.

मग उलटतपासणी. दुपारी झोप काढलीस का, जेवलास किती, धुक्यात दिवा वर मारतोस की खाली? खाली म्हणाला तर पास. शेवटी ठरलेला प्रश्न, "रस्तो दिसता मां?" गाडी नाक्यावरच उभी, चारचं लख्ख ऊन, आणि दाजींना पहाटेच्या घाटाची काळजी. एका ड्रायव्हरने वैतागून विचारलं, आजोबा, तुम्ही कुठली गाडी चालवायचा? दाजी शांतपणे म्हणाले, गिरणीत बावीस वर्षं सुताचे साचे चालवले.

तो प्रश्न चाळीत सगळ्यांनाच असे. सकाळी धूर आणि धुकं एक झालं की ते सायकलवरच्या दूधवाल्याला अडवायचे. जाड चष्म्याच्या न्हाव्याला दाढीआधी तेच विचारलं, तेव्हा त्याने आठवडाभर त्यांना खुर्चीत बसू दिलं नाही.

स्वतः मात्र गावच्या गाडीत कधी बसले नाहीत. संपाच्या पहिल्या थंडीत, घरात चूल पेटेना तेव्हा, बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, आणि सहा वर्षांच्या लेकीला, कुंदाला, त्यांनी गावी पाठवलं. गिरणी सुरू झाली की बोलावतो म्हणाले. गिरणी सुरू झालीच नाही. दाजी रे रोडला लाकडाच्या वखारीत लागले, बोलावण्याइतकं कधी जमलं नाही, आणि रिकाम्या हाताने जायची लाज वाटली. त्यांना बारीक अक्षर लागत नसे, म्हणून वहिनींची पत्रं मी वाचून दाखवायचो. प्रत्येकात एकच, तुम्ही या. दाजी मला सांगायचे, लिही, मे महिन्यात बघतो. अशी पंधरा वर्षं गेली.

मग एका मार्गशीर्षात पत्र आलं. कुंदाचं लग्न ठरलंय. तुम्ही येत नाही, मीच न्यायला येते.

गाडी सकाळी सहाची. दाजी पाचपासून नाक्यावर, सोबतीला मी. सात वाजले, आठ वाजले. धुक्यात पलीकडचं दुकान दिसत नव्हतं. जगाला सावकाश जा सांगणारा माणूस दर पाच मिनिटांनी मला वेळ विचारत होता. नऊनंतर विचारणंही थांबलं. त्यांनी माझा दंड धरला आणि धरूनच ठेवला.

साडेदहाला गाडी आली. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. घाटात दोन हात पुढचं दिसेना, म्हणाला, चार तास बाजूला लावून बसलो. दाजींनी त्याला हात जोडले.

वहिनी उतरल्या. केस पार पांढरे, हातात कापडी पिशवी. दाजी त्यांच्या मागे बघत राहिले, अजून कुणी उतरेल म्हणून. मग ओळख पटली.

"उशीर झालो," वहिनी म्हणाल्या. "गाडी घाटात..."

"गाडयेक नाय," दाजी म्हणाले. "माका झालो."

पिशवी माझ्याकडे देऊन त्यांनी वहिनींचा हात धरला, सगळ्या चाळीदेखत, आणि दोघं रस्ता ओलांडून गेली.