साळुंकीची हाक कोणाच्या नावावर?

मुलांनो, बसा. फोन जरा खाली ठेवा. ठेवलात तरी तो पळून जात नाही.

एका जंगलात, जिथे पानांपेक्षा मतं जास्त होती, एक दरी होती. तिला बोलकी दरी म्हणत. काठावरच्या कातळावर उभं राहून कुणी काही म्हटलं, की ते साऱ्या जंगलाला ऐकू जाई.

पूर्वी या दरीचा उपयोग साधा होता. पाणवठ्यावर वाघ आला की हरणं सांगत. उंबर पिकला की पाखरं सांगत. मग एकदा कुणीतरी कातळावरून म्हणालं, की उंबरापेक्षा जांभूळ बरं. त्या दिवसापासून जंगलात कुणी धड उंबर खाल्ला नाही आणि जांभूळही नाही.

दरीच्या अगदी तोंडावर एक जुनं सादड्याचं झाड होतं. त्याच्या ढोलीत कुंदा नावाची साळुंकी नुकतीच लग्न होऊन आली होती.

"ढोलीचं तोंड दरीकडे आहे," सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "बसल्या जागी सगळं ऐकू येतं. तुझ्या माहेरी होतं का असं?"

"नव्हतं, अहो आई. तिकडे शांत असायचं."

"अगं बाई!" सासूबाई हळहळल्या. "मग वेळ कसा घालवायचात?"

कुंदा फारसं बोलायची नाही. त्यामुळे तिला बरंच दिसायचं. आपला नवरा दिवसातून चाळीस वेळा कातळावर जातो, हे तिला दिसलं. येताना किडा आणायचं विसरतो, हेही दिसलं. पण ती नवी होती. नव्या सुनेने दिसलेलं सगळं बोलायचं नसतं, एवढं तिला माहेरी शिकवलं होतं.

आता साळुंक्यांत एक रीत आहे. पहिल्या अंड्यांना आईने आपल्या माहेरची हाक ऐकवायची. अंडी फुटेपर्यंत सतरा दिवस, सकाळ-संध्याकाळ. पिल्लू ती हाक कवचाच्या आतच शिकतं. पुढे पंख फुटले आणि कधी संकट आलं, तर त्या एका हाकेला पिल्लू ढोलीतून उडी मारतं. दुसऱ्या कुणी कितीही गोड बोलावलं तरी जागचं हलत नाही. रीत काही उगाच पडलेली नाही. जंगलात गोड बोलावणारे पुष्कळ.

कुंदाच्या माहेरची हाक अशी होती: दोन आखूड शिट्ट्या आणि मग गळ्यातच पाणी खळखळल्यासारखा एक लांब सूर. तिच्या आईला ती तिच्या आईकडून आली होती. त्यापलीकडे कुणी विचारलं नव्हतं.

कुंदाने तीन निळसर अंडी घातली. पहिल्याच सकाळी चोच खाली करून तिने हाक दिली. लांब सूर पुरा व्हायच्या आत ढोलीच्या तोंडाशी अंधारलं.

बाहेर कोतवाल बसला होता. हा एक काळा कुळकुळीत पक्षी, शेपटी कात्रीसारखी फाकलेली. कुणाचाही आवाज हुबेहूब काढणं ही त्याची कला. त्याच्या मागून खोड चढत घोरपडबाई आल्या. त्या नाद-नोंदणी कचेरीच्या प्रमुख. एकदा धरलेलं त्या सोडत नाहीत, म्हणून वाघमहाराजांनी त्यांना तिथे नेमलं होतं.

"ही हाक आपण कुणाच्या परवानगीने मारलीत?" घोरपडबाईंनी विचारलं.

"माझ्याच अंड्यांना मारली."

"अंडी आपली आहेत. मी हाकेचं विचारतेय. ती यांच्या नावावर आहे."

कोतवालाने नम्रपणे शेपटी हलवली.

"ही माझ्या आईची हाक आहे," कुंदा म्हणाली.

"आईच्या नावावर नोंद?"

"आई कशाला नोंद करेल? ती नुसती हाक मारायची."

"सगळे हीच चूक करतात," घोरपडबाई म्हणाल्या. "हरकत घ्यायला तीन दिवस दिले होते. दरीतून पुकारा झाला होता."

"मी नाही ऐकला."

"उंबर-जांभळाच्या गोंधळात राहून गेला असेल. त्याला कचेरी काय करणार?"

कुंदा कोतवालाकडे वळली. "तुम्ही ऐकलीत कुठे ही हाक?"

"तुमच्याच लग्नात," कोतवाल म्हणाला. "पाठवणीच्या वेळी तुमच्या मातोश्रींनी काय सूर लावला होता, वा! माझे तर डोळे भरून आले. त्याच संध्याकाळी नोंदवून टाकली. म्हटलं, अशी चीज वाया जायला नको."

घोरपडबाईंनी निकाल सांगितला. पुन्हा हाक मारली, तर ढोलीचं तोंड चिखलाने लिंपण्यात येईल.

"आणि आत अंडी आहेत ती?"

"ती आतच राहतील. अंड्यांविरुद्ध आमची काहीच तक्रार नाही."

 हाक द्यावी तर ढोली बंद. न द्यावी तर पिलं आईला कधी ओळखणार नाहीत. सतरा दिवसांतला पहिला दिवस निम्मा संपला होता.

सासूबाईंना अंड्यांवर बसवून ती आयुष्यात पहिल्यांदा कातळावर निघाली. वाटेत माकडाने अडवलं.

"तू खरीच पक्षी आहेस, हे सिद्ध कर."

"मी उडत आले."

"तसं कुणीही म्हणेल." माकडाने तिच्यापुढे नऊ पानं पसरली. "यातली पळसाची सगळी पानं ओळख."

पळसाला पानं तीनच, हे जंगलात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुंदाने तीन दाखवली. माकडाने मान हलवली. चौथ्या पानाच्या कोपऱ्यात पळसाचा देठ जरासा आला होता म्हणे. मग नवी नऊ पानं. मग आणखी नऊ. चौथ्या खेपेला कुंदा पक्षी ठरली. त्यानंतर एक खार सहा आकडे कानात सांगायला येणार होती. खार आली तेव्हा आकड्यांची मुदत संपली होती. दुसरी खार येईपर्यंत कुंदाने दोन किडे खाल्ले. त्यातला एक तिने नवऱ्यासाठी ठेवला होता.

शेवटी ती कातळावर उभी राहिली. एका रेड्याने मध्येच पुढे येऊन आपल्या डबक्यातल्या चिखलाची थोरवी सांगितली. त्याला पाच अंक मोजेपर्यंत हटवता येत नाही, असा तिथला नियम होता. तो हटल्यावर कुंदाने एकच वाक्य म्हटलं.

"मला माझ्या पिलांना हाक मारू द्या."

 मग खालून एक बेडूक ओरडला, "आम्ही तीव्र निषेध करतो!"

"कशाचा?" दुसऱ्याने विचारलं.

"ते ठरतंय. तू आधी ओरड."

तेवढ्याने ठिणगी पडली. दुपारपर्यंत जंगलात दोन तट झाले. आवाज ज्याचा त्याचा, असं एक म्हणे. आवाज सगळ्यांचा, असं दुसरा म्हणे.

पहिल्या तटाचा म्होरक्या पोपट होता. "मौलिकता हाच माझा प्राण आहे!" तो गरजला. हे वाक्य त्याने लहानपणी एका पाळलेल्या पोपटाकडून पाठ केलं होतं.

दुसऱ्या तटाचा पुढारी कोकीळ. "वाटून घेणं ही आपली संस्कृती आहे," तो गळा काढून म्हणाला. "माझं-तुझं हा भेदच मुळात खोटा!"

"मग आपली अंडी स्वतः उबवा की!" एक कावळीण कळवळून ओरडली. "दरवर्षी माझ्या घरट्यात ठेवता!"

"विषयांतर नको," दोन्ही तट एका सुरात म्हणाले. त्या सतरा दिवसांत त्यांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

कुंदाचा नवरा तर कातळावरून हलेचना.

"अहो, अंड्यांवर बसता का जरा? मी दोन घास खाऊन येते," तिने विचारलं.

"आत्ता? तो टिटवा काय बरळलाय ऐकलंस ना? त्याला असाच सोडू?"

"मला भूक लागलीय."

"अगं, तुझ्याच बाजूने भांडतोय ना मी!"

"माझी बाजू कुठली?" कुंदाने खरोखरच विचारलं.

नवऱ्याने पंख उघडले. "ते मागाहून सांगतो," म्हणाला आणि उडाला.

सासूबाईही मागे नव्हत्या. त्या अंड्यांवर बसत. पण अंगाखाली अंडी आणि तोंड बाहेर. "हिला बोलायला काय जातंय?" "आधी स्वतःची पिसं बघा म्हणावं!" असं दिवसभर चाले. ढोली गोल. आत आलेला शब्द चारदा घुमल्याशिवाय बाहेर पडत नसे.

गोंगाटाने वाघमहाराजांची दुपारची झोप मोडली. त्यांनी दरीला शिस्त लावायला नऊ कासवांची समिती नेमली. यापुढे प्रत्येक वाक्य आधी कासवं तपासणार. कासवं मन लावून काम करत. त्यामुळे आज मारलेली थाप उद्या ऐकू येई आणि तिचं खंडन परवा. मधला एक दिवस थाप खरी असे. जंगलाला हे फार सोयीचं पडलं. समितीच्या निषेधाचीही वाक्यं समितीकडेच जात आणि मंजूर होत.

कुंदा अंड्यांवर बसून राहिली. आत काहीतरी हलायचं, तेव्हा तिच्या गळ्यात तो लांब सूर यायचा. ती ढोलीच्या तोंडाकडे बघायची. समोरच्या फांदीवर घोरपडबाई ऊन खात बसलेल्या असायच्या. एका बाजूला ओल्या चिखलाचा गोळा. कुंदा सूर गिळायची.

सतराव्या दिवशी अंडी फुटली. तीन पिलं. ओली, उघडी, आंधळी.  पहिल्याने चोच उघडली.

"मुळात प्रश्नच चुकीचा मांडलाय," ते म्हणालं.

"तेव्हा तुम्ही कुठे होतात?" दुसऱ्याने त्याला विचारलं.

तिसरं सगळ्यांत लहान होतं. त्याला मानही धरवत नव्हती. "पुरावा?" ते म्हणालं आणि लवंडलं.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "शिकवावं लागलं नाही गं काही," त्या म्हणाल्या. "अगदी आमच्या घराण्यावर गेलीत."

कुंदाने तिघांना भरवलं. एकाला भरवलं की दुसरं म्हणे, हा पक्षपात आहे. दुसऱ्याला भरवलं की तिसरं पुरावा मागे. तरी ती वाढली. वीस दिवसांत पंख भरले.

एकविसाव्या दिवशी हाकेच्या वादाचा निकाल लागला; तो वादही महाराजांनी समितीकडेच सोपवला होता. कासवांच्या समितीने नोंदीला तूर्त स्थगिती दिली. पुढील आदेशापर्यंत कुणीही कुठलीही हाक मारावी. पोपटाने हा मौलिकतेचा विजय म्हणून जाहीर केला. कोकिळाने संस्कृतीचा. कोतवालाने लगेच स्थगितीच्या घोषणेचा सूर आपल्या नावावर नोंदवायला टाकला. घोरपडबाई चिखलाचा गोळा उचलून निघाल्या.

"अभिनंदन," जाता जाता त्या म्हणाल्या. "हाक आपली."

नवरा धापा टाकत आला. "बघ! मिळवून दिली की नाही?" एवढं बोलून तो विजयाच्या सभेला परत गेला. सासूबाईही गेल्या.

कुंदा ढोलीसमोरच्या फांदीवर बसली. अडतीस दिवसांत पहिल्यांदा तिने हाक दिली. दोन आखूड शिट्ट्या आणि लांब सूर. आवाज थोडा गंजला होता, पण हाक तीच होती.

पिलांनी बाहेर पाहिलंसुद्धा नाही.

"कोण ओरडतंय?" थोरलं म्हणालं.

"असेल कुणीतरी," मधलं म्हणालं. "दुर्लक्ष कर."

तेवढ्यात खोडावर काहीतरी सरकलं. कुंदाने खाली पाहिलं. लांबलचक धामण खोड चढत होती. तिला सभेशी काही देणंघेणं नव्हतं. तिचं कुठल्याच विषयावर मत नव्हतं. तिला फक्त भूक होती.

कुंदाने पुन्हा हाक दिली. पुन्हा. मग साध्या शब्दांत ओरडली, "बाळांनो, बाहेर या! साप!"

"साप म्हणजे नेमकं काय?" थोरलं म्हणालं.

"उगाच भीती पसरवतात," मधलं म्हणालं.

"पुरावा?" धाकटं म्हणालं.

पुरावा दोन हातांवर आला होता. सभेकडे ओरडण्यात अर्थ नव्हता. ते वाक्य उद्या पोचलं असतं. कुंदाने डोळे मिटले. जन्मात कातळावर ती एकच वाक्य बोलली होती आणि त्यातही ती कुणाला खोडून काढायला गेली नव्हती. आता तिने छाती भरून घेतली आणि गळ्यात जेवढा तुच्छपणा गोळा करता आला तेवढा गोळा करून म्हणाली,

"तुम्हा तिघांचंही साफ चूक आहे."

ढोलीत तीन चोची वर झाल्या.

मग तिन्ही पिलं एकदमच बाहेर झेपावली. पंख कधी पसरले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. आपण उडतोय इकडे लक्ष द्यायला त्यांना सवड नव्हती. धामणीने ढोलीत तोंड घातलं तेव्हा आत पिसं होती आणि अजून घुमत असलेलं "मुळात प्रश्नच".

"काय चूक आहे? कुठे चूक आहे?" तिन्ही पिलं कुंदाभोवती चोची परजून उभी राहिली.

कुंदाने त्यांना मोजलं. तीन. ती हळूच, अगदी स्वतःपुरती, आईची हाक म्हणाली. कुणी मान वळवली नाही. तिने ती पुन्हा म्हटली नाही.

"पुरावा?" धाकट्याने दटावलं.

"पुढच्या झाडावर आहे," कुंदा म्हणाली.

पिलं पुढच्या झाडावर गेली. तिथे तिने थोरल्याच्या युक्तिवादात खोट काढली आणि बाकीचा मुद्दा त्यापलीकडच्या झाडावर मांडते म्हणाली. अशी झाडामागून झाड, चूक काढत काढत, ती तिघांना दरीपासून दूर घेऊन गेली. वाट तिच्या माहेराकडे जात होती. हे तिने त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विरोध केला असता.

तात्पर्य : मुलांनो, आईच्या हाकेवर हक्क सांगायला सारं जंगल येतं, हाकेला ओ द्यायला कुणी येत नाही. तेव्हा ज्यांचा जीव वाचवायचा आहे, त्यांना मायेने बोलावण्यात वेळ घालवू नका. "तुमचं चूक आहे" म्हणा. धावत येतील.