आणि नसलात तर?

काझी सरांना चहाला बोलावणं सोपं नाही. "संध्याकाळी या," म्हटलं की ते फाटकापाशीच थांबतात. "येतो. आणि तुम्ही घरी नसलात तर?" परवा भाजीवाला म्हणाला, मेथी लई ताजी हाय. "आणि नसली तर?" भाजीवाल्यानं गाडा पुढं ढकलला.

सर धाराशिवच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, वारल्यापासून घरात ते आणि एक जुना कम्प्युटर. त्यावर ते 'फंक्शनल' जातीची कुठलीशी भाषा लिहितात. "हिच्यात हुकूम सोडायचे न्हाईत, ताई. कशातून काय निघतं तेवढं सांगायचं. तेच घातलं की तेच निघणार." मला हुकूम सोडण्यापलीकडं काही येत नाही. त्यामुळं आमचं कसं जमतं हे कॉलनीला कोडंच आहे.

मी याद्यांची बाई. झालेलं कामसुद्धा आधी यादीत लिहिते आणि मग त्यावर काट मारते, बरं वाटतं. उन्हाळ्यात टँकरच्या पाळ्यांची यादी अर्थातच माझ्याकडं. पण माझ्या निष्पक्ष यादीत माझंच घर सारखं पहिलं येऊ लागलं, तेव्हा समोरच्या वहिनी म्हणाल्या, "यादी बाईंची, पाणीबी बाईंचंच." दुसऱ्या दिवशी टँकर यायचा होता. भांडण नको म्हणून मी सरांना शरण गेले.

सरांनी पाळ्या लावणारा प्रोग्रॅम लिहून कम्पायलरला दिला. पडद्यावर काही हलेना.

"लगेच चालवत का नाही?" मी घड्याळ बघत विचारलं.

"सबर करा. माझे अब्बा कोर्टात तर्जुमा करायचे. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर उर्दू कागद मराठीत आणायचे. दुसरे लोक पक्षकारापुढं बसून एकेक ओळ सांगायचे. निम्म्यात अडलं की पंचाईत. अब्बा आख्खा कागद आधी वाचायचे, काही सुटलंय का बघायचे, मग पुरता मराठीत करून हातात द्यायचे. पुढं अब्बांची गरजच न्हाय. हा कम्पायलर म्हणजे अब्बा. माझं लिहिलेलं एकदाच या मशीनच्या मातृभाषेत करून देतो."

अब्बांना शंका आली.

"एक शक्यता सुटली म्हणतोय," सर खुलले. "पाळी आली, हाक मारली, पण दार उघडलंच न्हाय तर?"

"नुसती सूचना आहे ना? सोडून द्या."

"अब्बांची सूचना सोडायची?"

"मग लिहा, पुढच्या घरी जायचं. टँकर कुणासाठी थांबत नाही."

सरांची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. "शेजाऱ्यानं आत जाऊन बघायचं," ते हळू आवाजात म्हणाले. "मग पुढं."

यात वेळ किती जाईल, हे मी सांगणार होते. तेवढ्यात सवयीनं मनातल्या मनात कॉलनीची घरं मोजली. एकट्या माणसाचं घर एकच होतं.

"लिहा," मी म्हटलं.

अब्बा राजी झाले. पाळ्या क्षणात निघाल्या. माझं घर शेवटून दुसरं.

सकाळी टँकर आला. वहिनींनी पहिल्यांदाच नाक मुरडलं नाही. सरांची पाळी आली, हाक मारली. दार बंद. पुन्हा हाक. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"बाई, अजून दोन गल्ल्या हायेत मला. पुढं घेऊ का?"

इथं वेळ गेला तर टँकर माझ्या दारापर्यंत न येताच निघून जाणार, हा हिशेब मला सगळ्यांत आधी कळला.

"थांबा!" मी ओरडले आणि घागर तिथंच टाकून पळाले. दार ढकललं. कडी लावलेलीच नव्हती. दारामागं काझी सर उभे, इस्त्रीचा सदरा घातलेले, हातात रिकामी घागर.

"सर! हाक ऐकू आली नाही?"

"आली की. ती सुटलेली शक्यता तपासत होतो."

मला धाप लागली होती, नाहीतर खूप काही बोलले असते.

"चालतंय म्हणजे," सर म्हणाले, आणि घागर पुढं करायचं विसरूनच गेले.